सहा वीत चार बोटं

नौबाद, बीदर
४ जानेवारी २०२५

गुंडाप्पा अण्णा,

नमस्कार. चार दिवसांत तुम्हाला नऊ वेळा फोन केला. उचलला नाहीत. मग तुमच्या भीमाशंकरला केला, तर तो म्हणाला, "अप्पा भाईर गेल्यात, सर." शहात्तर वर्षांचा माणूस सकाळी सातला, दुपारी दोनला आणि संध्याकाळीही बाहेरच असतो हे मला पटलं नाही, पण मुलगा तुमचा आहे, मी काय बोलू. शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, स्पीड पोस्ट का? मी ऐटीत म्हणालो, साधंच द्या, घाई नाही. ते खोटं होतं.

येळवशीच्या अमावास्येला आम्ही दोघं नेहमीसारखे हेराल्ड गाडी घेऊन शेतातल्या पूजेला निघालो. मागच्या सीटवर आंबिलीचा माठ आणि भज्जीचं पातेलं, पुढे नलिनी. ओढ्याच्या उतारावर गाडी दगडावर घासली आणि खालून धाडकन आवाज आला. "माठ फुटला," असं म्हणून नलिनीने डोळे मिटून घेतले. माठ शाबूत होता. तुम्ही एक्याण्णव साली कमलनगरच्या गॅरेजात हाताने घडवलेला सायलेन्सर तीन तुकडे होऊन रस्त्यात पडला होता. ते तुकडे डिकीत घातले आणि तशीच गाडी घरी आणली. नौबादच्या चौकात लोकांना ट्रॅक्टर आला असं वाटलं. खाली बघितलं तर चौसष्ट सालची एवढीशी दोन दारांची गाडी, आणि आत निवृत्त हेडमास्तर.

आता खरी अडचण. गाडीच्या नोंदणीची मुदत २८ फेब्रुवारीला संपते. त्याआधी आरटीओकडे गाडी पास झाली पाहिजे. आमच्या पोराने, गिरिधरने, हैदराबादेत एक हॉटेलवाला शोधून ठेवलाय. त्याला ही गाडी बागेत उभी करून डिकीत झेंडू लावायचा आहे, म्हणजे लोक तिथे उभे राहून फोटो काढतील. पास नाही झाली तर देऊन टाकू, असा शब्द मी गिरिधरला मागच्या दिवाळीत देऊन बसलोय. गाडी नलिनीच्या वडिलांची. ती काही म्हणत नाही, पण परवा तिने झेंडूचं रोप उपटून टाकलं.

सायलेन्सर कोणता घ्यावा, यावर इथे तीन मतं आहेत. गिरिधर म्हणतो, इंग्लंडहून स्टीलचा तयार मागवा, जन्मभर गंजत नाही. आमचा वेल्डर सोमशेखर म्हणतो, मारुतीचा डबा जोडून देतो. बसस्टँडजवळचा दुकानदार रुंद तोंडाचा चमकता पाइप दाखवतो आणि म्हणतो, "सर, आवाज लई भारी येतंय."

तुम्ही या. गुलबर्ग्याहून सकाळची रेल्वे आहे. एकदा कान लावा आणि ठरवा. चाळीस वर्षं हातोडीचा दांडा इंजिनाला टेकवून तुम्ही तिचं दुखणं सांगत आलात. तुमच्या कानाशिवाय या गाडीचं काही खरं नाही.

तुमचा
अच्युतराव


गुलबर्गा
९ जानेवारी

सर,

पाकीट मिळालं. तुमचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे.

दगडाला बोल लावू नका. डबा आतून कुजला होता. तुम्ही रोज नौबादहून भाजी आणायला जाता आणि परत येता. इंजिन नीट तापायच्या आत गाडी बंद. डब्यात पाणी साचतं आणि ते पत्रा खातं. तरी माझा डबा चौतीस वर्षं टिकला. आठवड्याला नाही तर महिन्याला तरी एकदा गाडी लांब न्या, पाणी वाफ होऊन जाऊ द्या.

इंग्लंडचा स्टीलचा माल चांगला असतो, पण यायला दोन महिने लागतील. तोवर डिकीत झेंडू फुलेल. शिवाय त्याचा आवाज ताटावर चमचा मारल्यासारखा असतो. मारुतीचा डबा बसेल, पण ते इंजिन हिच्याहून लहान. हिचा धूर त्यातून मोकळा जाणार नाही, चढाला गाडी दमेल. चमकता पाइप तुम्ही ज्या दिवशी जीनची पॅन्ट घालाल त्या दिवशी घ्या.

फियाटचा डबा घ्या. दोन्ही इंजिनं जवळपास सारखी. हैदराबादेत जुन्या दुकानात अजून मिळतो, गिरिधरला आणायला सांगा. पाइप दीड इंची, काळा, जाड पत्र्याचा. पुढचा पाइप सहा वीत चार बोटं, मग डबा, मग शेपूट पाच वीत. दोन ठिकाणी वाकवायचा, गिअरबॉक्सखाली आणि मागच्या एक्सलवर. डबा रबरावर टांगा, लोखंडाला लोखंड लावू नका. डब्याला सगळ्यात खाली खिळ्याएवढं भोक पाडा, पाणी गळून जाईल.

मला येणं जमणार नाही. गुडघा दुखतो. नलिनी अक्कांना नमस्कार.

गुंडाप्पा


नौबाद
२७ जानेवारी

गुंडाप्पा अण्णा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि अक्षरशः पाळलं. गिरिधर फियाटचा डबा घेऊन आला. येताना हॉटेलवाल्याचा निरोपही घेऊन आला, की झेंडूऐवजी गुलाब चालेल का. मी त्याला जेवू घालून परत पाठवलं.

मग सोमशेखरकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी. त्याने टेबलावर पाइप आडवा ठेवला, मी पुढचं माप वितीने मोजलं आणि खडूने खूण केली. तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, कमी वाटायलंय."

"कामून?"

"डोळ्यालाच कमी दिसायलंय. गाडीखाली शिरून टेप लावून बघू का?"

मी म्हणालो, "हे माप गुंडाप्पांचं आहे. भूमितीत किती मार्क पडले होते रे तुला?"

"अकरा, सर."

"मग कापायचं."

कापलं. वाकवलं. गाडीखाली धरून बघितलं, तर पाइप संपला आणि डबा नऊ इंच पुढेच राहिला. सोमशेखरने खिशातला टेप काढून टेबलावर ठेवला. ते मला फार लागलं. जुन्या तुकड्यांवरून माप घ्यावं म्हणून घरी आलो, तर नलिनीने ते तुकडे रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिले होते आणि त्यावर चहाची गाळणी घेतली होती.

आता स्पष्टच लिहितो, कारण मनात ठेवून मला झोप लागत नाही. तुमचं माप चुकणं शक्य नाही. ते चुकलं याचा अर्थ तुमचं लक्ष नव्हतं, आणि लक्ष नव्हतं कारण तुम्ही माझ्यावर रागावला आहात. फोन उचलत नाही. गुडघा म्हणता, पण भीमाशंकर तर म्हणतो अप्पा दिवसभर बाहेर फिरतात. दोन वर्षांपूर्वी तुमचं गॅरेज बंद झालं, तेव्हा शेवटच्या दिवशी मी यायला हवं होतं. सगळे आले, मी आलो नाही. लग्न आहे असं कळवलं. कोणाचंही लग्न नव्हतं. ते शटर खाली येताना मला बघवलं नसतं, म्हणून घरात बसून राहिलो. चूक झाली, माफ करा. पण त्याची शिक्षा गाडीला देऊ नका. बत्तीस दिवस राहिलेत.

अच्युतराव


गुलबर्गा
१ फेब्रुवारी

सर,

माप चुकलेलं नाही. मला एवढंच सांगा, वीत कोणाची धरली?

तुमचा हात खडू धरणारा, माझा पाना धरणारा. पाइप माझ्या सहा वितींचा आहे. सोबत माझा हात पाठवतो. तुळजाने कागदावर पेन्सिल फिरवून काढलाय. अंगठा ते करंगळी पूर्ण ताणून ठेवली होती, ताणताना पोरीने गुदगुल्या केल्या म्हणून करंगळीजवळ रेघ हलली आहे, तेवढं सोडून द्या. या हाताने मोजा. आणि त्या सोमशेखरला ओरडू नका. ज्याला डोळ्याने कमी दिसतं तो पुढे चांगला मेस्त्री होतो.

राग नाही. त्या दिवशी तुम्ही आला नाहीत ते बरं झालं. शटर मीही ओढलं नाही. भीमाशंकरने ओढलं, मी मागच्या बाजूला टायरवर बसलो होतो. तुम्ही आला असता तर दोघांना बसायला एकच टायर होता.

येणं मात्र जमणार नाही. परत विचारू नका.

गुंडाप्पा

(याच पाकिटात वहीचं फाडलेलं पान.)

अच्युत आजोबा, मी तुळजा, त्यांची नात. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. माझं मराठी शुद्धलेखन तपासू नका, मी कन्नड शाळेत शिकले. आजोबांचा गुडघा ठीक आहे. मागच्या पावसाळ्यापासून त्यांना दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, गॅरेजात पन्नास वर्षं ठोकाठोक ऐकून झालं. यंत्र आणलं होतं, त्यांनी कपाटात ठेवून दिलं. त्यात फक्त कुकर ऐकू येतो म्हणतात. बाबांना सक्त सांगितलंय, सरांना कळू द्यायचं नाही. तुमचा फोन वाजतो तेव्हा फोन थरथरताना बघत बसतात. मी म्हटलं, "आज्जा, जावा की बीदरला." तर म्हणाले, "ऐकू येत न्हाई तो मेस्त्री कसला? त्या गाडीफुडं कोनत्या तोंडानं हुबा ऱ्हाऊ?" तुम्हाला सांगितलं हे त्यांना सांगू नका.


नौबाद
६ फेब्रुवारी

अण्णा,

तुमच्या कागदावरच्या हातावर माझा हात ठेवून बघितला. माझी करंगळी तुमच्या करंगळीच्या अलीकडे दीड इंच थांबते. चाळीस वर्षं तुमच्याशी हात मिळवतोय, हे कधी लक्षात आलं नव्हतं. सोमशेखरची माफी मागितली आणि त्याच्यासमोर कागद घेऊन त्याचे भूमितीचे अकरा मार्क खोडून पस्तीस केले, खाली सही केली. त्याने तुमच्या हाताने मोजून नवा पाइप बनवला. डबा रबरावर टांगला, खिळ्याएवढं भोक पाडलं. सगळं चपखल बसलं. तुमचा हात त्याने दुकानात भिंतीला लावलाय, टेपच्या शेजारी.

पण गाडी उभ्या जागी अडखळते. चालू केली की थोडी चालते, दचकते, परत चालते. सोमशेखर म्हणतो सांध्यातून धूर गळत असेल, मी म्हणतो दुसरंच काही असेल, आणि दोघांनाही काही कळत नाही. अशी गाडी आरटीओचे साहेब पास करणार नाहीत.

आता एक सांगतो. तुळजाने मला लिहिलंय. सांगू नका असं तिने बजावलं होतं, तरी सांगतोय, कारण लपवाछपवी करायचं आपलं दोघांचं वय गेलं. पोरीला बोललात तर माझ्याशी गाठ आहे. तिचं शुद्धलेखन उत्तम आहे.

फोन उचलत नाही म्हणून मी महिनाभर तुमच्यावर चिडलो होतो. नलिनीला पुरावे देत होतो. आज मला माझीच लाज वाटते, आणि तुम्ही एकट्याने हे काढलंत याचं वाईट वाटतं. माझंही एक ऐका, आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नोकरीची शेवटची चार वर्षं मला मागच्या दोन बाकांवर कोण बसलंय ते दिसत नव्हतं. आवाजावरून नावं घ्यायचो. पोरांना वाटायचं, सरांचं मागेही लक्ष असतं. दिसत नाही तो मास्तर कसला, असं मला कोणी विचारलं नाही, कारण मी कोणाला विचारूच दिलं नाही.

तुमचे कान गुलबर्ग्यातच राहू द्या. हात घेऊन या. कागदावरच्या हाताने पाइप बसला, आता खरा हवा आहे. बावीस दिवस आहेत.

अच्युतराव


नौबाद
२० फेब्रुवारी

प्रिय रेणुकाबाई,

तुमचे मालक सुखरूप पोचले, जेवतात नीट, गोळ्या घेतात. तुम्ही दिलेल्या शेंगापोळ्या यांनी पहिल्याच दिवशी अर्ध्या संपवल्या. दोन दिवस झाले, तरी त्यांच्याकडून तुम्हाला काही सविस्तर कळायचं नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

मंगळवारी रिक्षातून उतरले आणि दोघं अंगणात एकमेकांसमोर उभे राहिले. हे ओरडून बोलायला लागले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. गुंडाप्पा म्हणाले, "सर, वरडू नका. वरडल्यावर तुमचं तोंड वाकडं व्हतंय, मंग व्हट कळंनात मला." तेव्हापासून हे हळू बोलतात. बेचाळीस वर्षं मी सांगून थकले होते.

चहा झाला तरी गाडीजवळ जाईनात. जास्वंदीला पाणी घालून झालं, नळाचा वॉशर बदलून झाला. शेवटी मी पाट उचलला आणि गाडीच्या मागे नेऊन ठेवला. म्हटलं, बसा. बसले. सोमशेखरने बॉनेट पुढे पालथं केलं, आणि गाडी चालू केली.

गुंडाप्पांनी बादलीत हात बुडवला आणि ओला हात पाइपच्या एकेका सांध्याभोवती फिरवला. पाइप अजून गार होता. "सांधे चांगले हायती," म्हणाले. मग शेपटीच्या तोंडापुढे चार बोटांच्या अंतरावर तळहात धरला आणि डोळे मिटले. यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला होता की वळ उठला. सोमशेखरने एकेका प्लगची वायर काढायची आणि परत लावायची. पहिली काढली, त्यांनी मान हलवली. दुसरी काढली, मान हलवली. तिसरी काढली तर हात तसाच, मान तशीच. त्यांनी डोळे उघडले. "काढली का न्हाई?"

"काढली की, अण्णा," सोमशेखर हाताने खूण करत म्हणाला.

"मंग तिसऱ्याचा प्लग मेलाय. हाताला काय फरकच पडना झालाय."

प्लग काढला, तर काजळीने काळा कुळकुळीत. नवा घातला. गाडी परत चालू केली, आणि रेणुकाबाई, दचकणं गेलं. गुंडाप्पा तळहात धरून बसूनच राहिले. मग मला म्हणाले, "अक्का, तुमीबी हात धरा हितं." मी धरला. एकामागून एक, अगदी सारख्या फुंकरा. मी सात वर्षांची होते तेव्हा बाबांनी ही गाडी आणली. तिच्यात शाळेत गेले, तिच्यातून सासरी आले, पण तिचा श्वास असा हाताला कधी लागला नव्हता. मला रडू आलं, लपवलं नाही.

गुंडाप्पा फडक्याने हात पुसत होते. त्याच फडक्याने डोळे पुसले, त्यामुळे तोंडभर काजळी झाली. यांच्याकडे बघून म्हणाले, "सर, मेस्त्री हाय म्हनायचा अजून." हे आत गेले आणि उरलेल्या शेंगापोळ्या घेऊन आले.

सोमशेखर रोज येऊन बसतोय. काल डोळ्याला पट्टी बांधून तळहात धरायचं शिकत होता. त्यामुळे तुमचे मालक रविवारपर्यंत सुटतील असं वाटत नाही. रागावू नका.

तुमची
नलिनी


नौबाद
२८ फेब्रुवारी

अण्णा,

पास झाली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेअकराला.

साहेब चांगले होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, धुराची नळी लावून बघितली, मग खाली वाकून विचारलं, "सायलेन्सर कोणत्या कंपनीचा?" मी म्हणालो, "डबा फियाटचा. बाकी गुंडाप्पा." त्यांना वाटलं हैदराबादचा कारखाना असेल. म्हणाले, चांगला माल आहे, पत्ता द्या. मी गुलबर्ग्याचा दिला. कोणी आलं तर चहा पाजा.

गिरिधरला कळवलं. त्याने हॉटेलवाल्याला कुंड्या घ्यायला सांगितलं. नलिनीने झेंडूचं नवं रोप आणून लावलं, अंगणात, जमिनीत.

आता पुढचं. तुम्हीच लिहिलं होतंत, महिन्याला एकदा तरी गाडी लांब न्या, नाही तर डबा कुजेल. मी नकाशा घेऊन बसलो. हुमनाबादला जाऊन परत येणं पुरेसं आहे, पण हुमनाबादला आमच्या ओळखीचं कोणी नाही. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी थेट गुलबर्गा. ९ मार्चला पहिली फेरी. नलिनी येणार आहे. डब्याच्या प्रकृतीसाठी हे आवश्यक आहे, त्यामुळे नाही म्हणता येणार नाही.

पोचायला अकरा वाजतील. तुमच्या गल्लीत सगळी दारं सारखी दिसतात. कोपऱ्यावर आलो की हॉर्न देतो, भीमाशंकरला बाहेर उभं करा.

अच्युतराव


गुलबर्गा
४ मार्च

सर,

हॉर्न देऊ नका. शेजारी लहान मूल झोपलेलं असतं. आणि भीमाशंकरला उभं करायची गरज नाही.

आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत सगळी शहाबादी फरशी आहे. सकाळी दूधवाल्याची मोटारसायकल येते, नळाच्या दिवशी टँकर येतो, मला दोन्ही कळतात. मी चपला काढून पायरीवर बसतो आणि पाय खाली फरशीवर ठेवतो. तुमच्या गाडीचं मला वेगळं सांगायला नको.

अकरापासून बसून राहतो. तुम्ही कोपऱ्यावर वळलात की मी उठून उभा राहीन. जो म्हातारा उभा दिसेल, तिथे थांबा.

गुंडाप्पा